रणगाड्यावरचा चिखल कुठला?

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात केलेला किल्ला आठवून पाहा. दगड, विटा, पोती आणि माती यांचा डोंगर, त्यावर पेरलेले अळीव, खाली चुन्याने आखलेला रस्ता. दरवाजापाशी पहारा देणारा मातीचा मावळा मात्र दरवाजापेक्षाही उंच. तो आत कसा शिरणार, हा प्रश्न लहानपणी कोणालाच पडत नाही, आणि पडूही नये. पण आठवी-नववीच्या वर्गात हाच प्रश्न विचारला, तर त्यातून एक चांगला तास उभा राहतो.

समजा, मावळा ८ सेंटिमीटरचा आहे आणि खरा माणूस १६० सेंटिमीटरचा. म्हणजे प्रमाण झाले १:२०. डोंगर २०० मीटर उंच धरला, तर याच प्रमाणात अंगणातला किल्ला १० मीटर उंच करावा लागेल. घराच्या वर जाईल! उलट किल्ला एक मीटरचा ठेवायचा, तर प्रमाण १:२०० होते आणि मावळा जेमतेम ८ मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा. दिवाळीचा किल्ला ही आठवण आहे, प्रतिकृती नाही. प्रतिकृतीत प्रत्येक भाग एकाच प्रमाणात लहान व्हावा लागतो, आणि तसा तो झाला की ती वस्तू मोजता येते, तिला प्रश्न विचारता येतात.

आम्ही धुळे आणि जळगावकडचे काही शिक्षक, इतिहास आणि विज्ञान शिकवणारे. एका वर्षी आम्ही वर्गणी काढून एका लष्करी वाहनाच्या प्रतिकृतीचा संच आणला आणि मुलांबरोबर तो जोडला, रंगवला. हेतू एवढाच होता की प्रमाण, घनफळ, गंज, माती हे धडे एकाच वस्तूत हाताळायला मिळावेत. प्रत्यक्षात आम्हाला इतिहासाचा एक धडा मिळाला, आणि तो आमच्याच चुकीतून मिळाला. तो सांगण्यासाठी हा लेख.

खेळणे की साधन?

अशा संचांचा इतिहास शाळांशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफेवरच्या सैनिकापुढे मोठी अडचण होती. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे काही सेकंदांत ओळखायचे. चित्रावरून हे जमत नाही, कारण विमान कोणत्याही कोनातून दिसते. म्हणून १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने तिथल्या शाळांतल्या मुलांकडून विमानांच्या पाच लाख प्रतिकृती करून मागितल्या. प्रमाण १:७२. एक इंच म्हणजे सहा फूट, असा त्याचा सोपा अर्थ. १० मीटरवर धरलेली ही प्रतिकृती डोळ्याला ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. वर्गात करून पाहण्याजोगा हा प्रयोग आहे: वस्तू आणि अंतर दोन्ही त्याच पटीत लहान केली की डोळ्यापाशी होणारा कोन तोच राहतो.

युद्धानंतर लाकडाच्या जागी प्लास्टिक आले. पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक तापवून पातळ करायचे, पोलादी साच्यात दाबाने भरायचे, थंड झाले की साचा उघडायचा. इंग्लंडमधल्या एअरफिक्स कंपनीने १९५० च्या दशकात असे संच स्वस्तात विकायला सुरुवात केली. जपानमधल्या शिझुओका गावच्या तामिया कंपनीने १९६१ मध्ये जर्मन पँथर रणगाड्याचा संच काढला. त्यात छोटी मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या. त्या मावतील एवढे अंग ठरवले, मग मोजून पाहिले तर प्रमाण आले साधारण १:३५. आज जगभर लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींसाठी हेच प्रमाण रूढ आहे. म्हणजे एका प्रमाणामागे फूट आणि इंचाचे गणित होते, तर दुसऱ्यामागे बॅटरीचे माप!

जोडणीचे रसायन समजावताना आम्हाला फार कष्ट पडले नाहीत. जळगाव हे पाइपांचे आणि प्लास्टिकच्या चटयांचे गाव. केळीच्या बागेत ठिबकचे पाइप जोडताना वापरायचे सोल्युशन वर्गातल्या निम्म्या मुलांनी हाताळलेले होते. ते सोल्युशन खळीसारखे मध्ये बसून दोन तुकडे चिकटवत नाही. ते पाइपाचा पृष्ठभाग विरघळवते, दोन्हीकडचे लांब रेणू एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. संचाचा सिमेंटही असेच काम करतो, फक्त त्यातला द्रावक पॉलिस्टायरीनला विरघळवणारा असतो. खिडक्या उघड्या ठेवून आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच हे काम करायचे, एवढी सूचना पुरे.

स्टुअर्टच का?

आम्ही निवडला स्टुअर्ट नावाचा हलका रणगाडा. मूळ अमेरिकी, १९४१ ते १९४४ या काळात बनलेला. चार माणसे, ३७ मिलिमीटरची तोफ, वजन उपप्रकारानुसार साधारण १३ ते १५ टन. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या एका घोडदळ सेनापतीचे नाव ब्रिटिशांनी त्याला दिले. १९४४ साली इंफाळच्या लढाईत भारतीय घोडदळाच्या रेजिमेंटने तो चालवला, आणि १ नोव्हेंबर १९४८ रोजी सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या झोजी खिंडीत तो चढला. पण आमच्या मनात होती त्याआधीची घटना, एप्रिल १९४८ मधली, नौशेरा ते राजौरी या रस्त्यावरची.

राम राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. ते बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलात होते. या दलाचे ठाणे पुण्याजवळ खडकीला. सॅपर म्हणजे रस्ते, पूल बांधणारा आणि सुरुंग काढणारा सैनिक. राजौरीकडे निघालेल्या फौजेपुढचा रस्ता पाइनची झाडे पाडून, बांध उडवून आणि सुरुंग पेरून बंद केलेला होता. रणगाड्यांना वाट मोकळी करून देण्याचे काम सेकंड लेफ्टनंट राणे यांच्या तुकडीकडे आले. ८ एप्रिलला कामाला सुरुवात होतानाच उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोन जण ठार झाले, पाच जखमी झाले आणि त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यानंतरही ११ एप्रिलपर्यंत ते आणि त्यांची माणसे गोळीबारात अडथळे हटवत राहिली. रणगाडे चिंगसपर्यंत आणि पुढे राजौरीत पोचले. राणे यांना परमवीर चक्र मिळाले. १९९४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

या पराक्रमाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून जाताना राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. त्यांच्या हातात दोऱ्या होत्या. दुसरी टोके चालकापाशी. एक दोरी ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. मग एका मुलाने विचारले, "सर, पण रणगाड्याखाली माणूस मावतो का?"

अशा प्रश्नाला "पुस्तकात लिहिलेय ना" असे उत्तर देता येते. त्या दिवशी आमच्याजवळ त्याहून चांगले उत्तर शोधायची सोय होती.

बारा मिलिमीटरांची परीक्षा

स्टुअर्टच्या पोटाखालची मोकळी जागा उपप्रकारानुसार सुमारे ३५ ते ४२ सेंटिमीटर असते. १:३५ या प्रमाणात ती १० ते १२ मिलिमीटर झाली. दोन पट्ट्यांमधले अंतर खऱ्या रणगाड्यात दीड मीटरहून थोडे जास्त, म्हणजे प्रतिकृतीत साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. आता माणूस. आम्ही मुलांनाच जमिनीवर पालथे झोपवले आणि पाठीवर सपाट पट्टी ठेवून जमिनीपासूनची उंची मोजली. मोठ्या माणसासाठी आमच्यातला एक शिक्षक झोपला. छाती टेकवून पडल्यावर उंची २२ ते २५ सेंटिमीटर भरली. कोपरांवर अंग उचलले की ४० सेंटिमीटरच्या आसपास. डोके वर केले की त्याहून जास्त.

मग मेणाचा एक माणूस केला. लांबी ४७ मिलिमीटर, म्हणजे खऱ्यातला साडेपाच फुटी, आणि पालथा असताना जाडी ७ मिलिमीटर. तो रणगाड्याखाली सहज गेला. त्याला कोपरांवर उचलून धरले तेव्हा मात्र त्याची पाठ तळाला घासू लागली. म्हणजे असे: पोटाखालून जायचे, तर छाती जमिनीला टेकवून, डोके खाली ठेवून, अंग ओढतच जावे लागणार. वर गरम इंजिन असलेला लोखंडी तळ, दोन्ही बाजूंना फिरणारे पट्टे, खाली सुरुंग असू शकेल अशी जमीन. पाठीच्या वर एखाद्या वितीएवढीच जागा. दोरी का लागली, तेही आता कळले. तिथून हाक मारली तर इंजिनाच्या आवाजात चालकाला ऐकू जाणार नाही आणि हात केला तर दिसणार नाही.

मुले खूष झाली. "म्हणजे गोष्ट खरी आहे!" असे फळ्यावर लिहायला एक जण उठलाही. त्याला आम्ही थांबवले. प्रतिकृतीने काय सिद्ध केले? माणूस तिथे मावतो एवढेच. अमुक दिवशी अमुक माणूस तिथे होता, हे प्रतिकृती सांगू शकत नाही. ते सांगायला त्या वेळच्या नोंदी लागतात, पाहिलेल्या माणसांचे जबाब लागतात. राणे यांच्या मानपत्रात तारखा, वेळा, अडथळ्यांची संख्या असे तपशील मोजून दिलेले आहेत. दोरीची गोष्ट पुढच्या लेखांतून आणि पुस्तकांतून सांगितली जाते. दोन्हींचे वजन इतिहासात सारखे धरायचे नाही. फळ्यावर शेवटी दोन शब्द लिहिले गेले: "शक्य आहे." प्रतिकृतीकडून मिळणारे हे प्रामाणिक उत्तर. आणि तेही कमी नाही. जागा ३५ ऐवजी १५ सेंटिमीटरची निघाली असती, तर कोणत्याही पुस्तकात लिहिलेले असले तरी ती गोष्ट सोडून द्यावी लागली असती.

झीज रंगवणे

रणगाडा जोडून झाला, हिरवट खाकी रंगही लागला. तो अगदी दुकानातल्या खेळण्यासारखा दिसत होता. प्रतिकृती करणारे छंदिष्ट लोक यानंतर जे काम करतात त्याला 'वेदरिंग' म्हणतात. आम्ही त्याला झीज रंगवणे म्हणायचो. ऊन, पाऊस, धूळ, तेल आणि माणसांचे बूट यांनी वाहनावर जे उमटवलेले असते, ते रंगाने दाखवायचे.

याच्या रीती सोप्या आहेत. गडद तपकिरी रंग खूप पातळ करून सगळीकडून फिरवला की तो खिळ्यांच्या भोवती आणि खाचांत जाऊन बसतो आणि उठाव दिसू लागतो. ब्रशवरचा रंग फडक्याला जवळजवळ पुसून टाकून उरलेला कोरडा हात कडांवरून फिरवला, की कडा झिजून उजळल्यासारख्या दिसतात. स्पंजच्या तुकड्याने टिपके दिले की रंगाचे पोपडे उडाल्याचा भास होतो. मुलांना हे इतके आवडले की पहिल्या दोन दिवसांत आमचा रणगाडा समुद्रातून वर काढल्यासारखा गंजलेला दिसू लागला!

तेव्हा आम्ही ब्रश खाली ठेवायला सांगितले आणि नियम केला: प्रत्येक डागाला कारण द्यायचे. कारण सांगता आले नाही तर डाग पुसायचा. यातून जी चर्चा झाली ती विज्ञानाच्या तासाला शोभणारी होती.

गंज कुठे येईल? लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही भेटतील तिथे, म्हणजे जिथला रंग गेलेला आहे तिथे. रंग कुठे जातो? झडपेच्या कडेला आणि चढायच्या जागी, कारण चार माणसे रोज तिथे बूट घासतात. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीवर, कारण उष्णतेने तिथला रंग जळतो. सपाट चिलखती बाजूवर मधोमध गंजाचा मोठा डाग? त्याला कारण सापडेना. तो पुसला.

किती गंज? उघड्या पोलादावर पातळ नारिंगी थर यायला काही दिवस पुरतात. जाड, पापुद्रे सुटणारा तपकिरी गंज यायला महिने-वर्षे लागतात. लढाई चार दिवसांची होती. पण रणगाडा १९४४ पर्यंत बनलेला, म्हणजे १९४८ साली निदान चार वर्षे वापरलेला. तेव्हा धुराच्या नळीवर जुना गंज ठीक, लढाईतल्या ताज्या ओरखड्यांत मात्र धातूची चमक किंवा फार तर नारिंगी छटा.

पट्टे कसे रंगवायचे? मुलांनी ते सरसकट गंजाचे रंगवले होते. पण स्टुअर्टच्या बहुतेक पट्ट्यांना रबराचे ठोकळे असतात, त्यांना जोडणाऱ्या कड्या तेवढ्या पोलादाच्या. रबर गंजत नाही. ट्रकच्या टायरसारखे ते करडे होते आणि कडांना झिजते.

धूळ कशी टाकायची? इथे पुन्हा प्रमाण आडवे आले. मैदानातली वाळू तशीच चिकटवली, तर अर्ध्या मिलिमीटरचा कण खऱ्यात पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. रणगाड्यावर कोणी खडी ओतल्यासारखे दिसू लागले. म्हणून माती खलबत्त्यात कुटून मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ करावी लागली.

आणि रणगाडा चिखलात रुतत का नव्हता? खऱ्या रणगाड्याचे वजन १४ टन धरा. त्याच्या दोन्ही पट्ट्यांचा जमिनीला टेकणारा भाग पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ८०० ग्रॅम भार. लांबी ३५ पट कमी झाली की क्षेत्रफळ १,२२५ पट आणि घनफळ ४२,८७५ पट कमी होते. तीच घडण आणि तेच पोलाद वापरून प्रतिकृती केली तरी ती सव्वातीनशे ग्रॅमचीच भरेल, आणि आमची प्लास्टिकची तर शंभर ग्रॅमच्या आसपास होती. तिचा भार दर चौरस सेंटिमीटरला सात ग्रॅम! ती चिखलावर तरंगल्यासारखी बसणारच. खऱ्यासारखा ठसा उमटवायचा, तर बोटाने दाबून तो उमटवावा लागतो. लहान केलेली वस्तू दिसायला मोठीसारखी असते, वागायला नसते. मुंगी पडली तरी तिला का लागत नाही, हा प्रश्न इथून एका पावलावर आहे.

काळी माती

आता आमची चूक.

चिखलासाठी माती हवी होती. ती आणायला लांब जायला नको होते. शाळेमागच्या शेतातून एका मुलीने डबाभर काळी माती आणली. तापीच्या खोऱ्यातली, कपाशीची. ती वस्त्रगाळ करून, पातळ खळीत कालवून आम्ही चाकांवर, पट्ट्यांवर, खालच्या कडांवर लावली. वाळल्यावर तिला बारीक भेगाही पडल्या, उन्हाळ्यात शेताला पडतात तशा. रणगाडा इतका खरा दिसू लागला की आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहून नुसते पाहत होतो. शाळेच्या प्रदर्शनात तो पहिल्या टेबलावर ठेवला. शेजारी पाटी: "राजौरी, एप्रिल १९४८".

प्रदर्शन पाहायला त्या मुलीचा मामा आला. फौजेत असलेला, सुट्टीवर गावी आलेला. आपल्या खानदेशात अशी घरे पुष्कळ. त्याची नोकरी काही वर्षे त्याच बाजूला झाली होती. त्याने वाकून रणगाडा नीट पाहिला, मुलांचे कौतुक केले, आणि मग चाकाकडे बोट दाखवून भाचीला म्हणाला, "ही माटी ते आपली आठली शे, तठली नही." ही माती तर आपली इथली आहे, तिथली नाही.

त्याचे बरोबर होते. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते, म्हणून तिला भेगा पडतात. नौशेरा आणि राजौरीच्या डोंगरांत बेसाल्टच्या अशा पठारांचा पत्ता नाही. हिमालय वर येत असताना नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे ते थर आहेत. दक्षिणेला शिवालिकचे करडे वालुकाश्म आणि राजौरीच्या भागात मरी नावाने ओळखले जाणारे तांबूस, जांभळट वालुकाश्म आणि शेल. मनावर तवी नदीच्या काठाने जाणाऱ्या त्या रस्त्यावरची माती या खडकांची. रणगाड्याचा प्रत्येक ओरखडा आम्ही कारण विचारून ठेवला होता, आणि त्याच्या सगळ्यांत ठळक भागाला, चिखलाला, कारण विचारायचे विसरलो. का विसरलो? कारण ती माती आम्हाला इतकी ओळखीची होती की ती खरीच वाटली.

ही चूक लहान आहे असे कोणी म्हणेल. चिखलाचा रंग काळा की तांबूस, याने राणे यांच्या पराक्रमात काय फरक पडतो? काहीच नाही. पण प्रदर्शन पाहून गेलेल्या दोन-तीनशे मुलांच्या मनात राजौरीचा रस्ता आता काळ्या मातीचा झाला होता. पाटीवर ठिकाण आणि महिना आम्हीच लिहिला होता. पाटी लावली की वस्तू खेळणे राहत नाही, ते विधान होते. आणि विधानाला पुरावा लागतो.

हे धुळ्याच्या माणसांना दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून तिथे आहे, त्यांनी जमवलेले कागद तिथे जपलेले आहेत. राजवाडे गावोगाव पायी हिंडले, जुन्या वाड्यांतली दप्तरे उघडून घेतली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली छापला. त्यात पानिपतच्या आगेमागची पत्रे आहेत. पानिपतची हकिगत तोवर लोकांना माहीत नव्हती असे नाही. बखरी होत्या, आणि त्या रसाळ होत्या. पण बखर बहुधा घटनेनंतर लिहिलेली असते. तिच्यात ऐकीव असते, भर घातलेली असते. त्या त्या दिवशी लिहिलेली पत्रे शेजारी ठेवल्यावर बखरींतल्या तारखा, माणसे, ठिकाणे कुठे चुकतात ते दिसू लागले. बखर वाचू नये असे नाही. तिचे प्रत्येक वाक्य कागदावर घासून पाहावे, एवढेच.

आमचा रणगाडा ही एक बखरच होती. मापे अस्सल, आणि चिखल रसाळ.

दुरुस्ती

आम्ही ती माती ओल्या ब्रशने काढून टाकली. पूर्ण निघाली नाही. खाचांत थोडी काळी राहिलीच. मग गेरू आणि चुलीतली राख वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून तांबूस-करडी पूड केली, आणि मामाने दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा मान डोलावली तेव्हा ती लावली. पाटीही बदलली. नव्या पाटीवर तीन ओळी होत्या. मापांना आधार काय, झिजेला आधार काय, आणि मातीचा रंग कोणी सांगितला. पहिल्या पाटीपेक्षा ही दिसायला वाईट होती, पण ती वाचायला मुले जास्त वेळ थांबत.

पुढे आम्ही काही मुलांना घेऊन अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, रणगाडा संग्रहालय पाहून आलो. ते १९९४ मध्ये सुरू झाले. सेंचुरियन, विजयंता, पॅटन अशी यंत्रे तिथे एका आवारात उभी आहेत. पट्ट्याची एक कडी हाताने चाचपून पाहिली की प्रतिकृती काय दाखवू शकत नाही ते कळते: वजन. पण तिथेही मुलांनी एक गोष्ट आपणहून टिपली. उघड्यावरच्या लोखंडाची देखभाल करायची तर त्याला पुन्हा पुन्हा रंग द्यावा लागतो. तेव्हा संग्रहालयातला रणगाडा आकाराबद्दल खात्रीचा साक्षीदार आहे, युद्धातल्या रंगाबद्दल मात्र तितका नाही. प्रत्येक साधनाला त्याचा त्याचा प्रश्न विचारायचा, हे त्यांच्या लक्षात आले होते.

वर्गात करायचे तर महागडा संच हवाच असे नाही. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा, आलेख कागद आणि खरी मापे एवढ्यावर १:३५ चे वाहन उभे राहते. लष्करी वाहनच हवे असेही नाही. गावातली एसटी, उसाची बैलगाडी, केळी वाहणारा ट्रक घ्या. त्यांची झीज तर मुलांना रोज पाहता येते, आणि डागाचे कारण गाडीवानाला विचारता येते. वाहन कोणतेही असो, शेवटी एक कागद जोडायचा: यातले काय मोजले, काय पाहिले, काय कोणाकडून ऐकले आणि काय अंदाजाने केले. चार रकाने. चौथा रकाना रिकामा राहिला तर मुलांना तो पुन्हा तपासायला सांगावा.

आमच्या कागदाचा चौथा रकाना भरलेला आहे. त्यात एक नोंद एका मुलीने स्वतः घातली. ८ एप्रिलला मारले गेलेले दोन सॅपर प्रतिकृतीत कुठेच नाहीत, कारण आम्ही रणगाडा केला, रस्ता केला नाही. तिने लिहिले, "वाट करणारे दाखवायचे राहिले." पुढच्या वर्षीच्या मुलांनी रस्ता केला. पुठ्ठ्यावर, तांबूस मातीचा, पाडलेल्या पाइनच्या झाडांसह. रणगाडा त्यावर मागे, कोपऱ्यात उभा आहे. पुढे मेणाची माणसे वाकून काम करत आहेत, प्रत्येक साधारण पावणेपाच सेंटिमीटरची. रणगाड्याच्या पट्ट्यांच्या खाचांत शाळेमागच्या शेताची काळी माती अजून थोडी दिसते. ती तशीच राहू द्यायची, असे आम्ही ठरवले आहे.